नोराताईची तीन माहेरं

नोराताईला शेवटचं लुगडं मी नेसवणार, हे एकोणीस वर्षांपूर्वी ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे तिनं ठरवलं आणि मी मान डोलावली. आमच्या दोघींत ठरवायचं काम तिचं आणि निस्तरायचं माझं, अशीच वाटणी होती.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेराहून यावं लागतं. सासरी तिनं पन्नास वर्षं काढलेली असोत, ट्रंका भरून साड्या असोत, ते एक वस्त्र भावानं किंवा भाचरांनी आणायचं. ते आल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. नोराताईचं माहेर आयर्लंडात. धसईच्या स्टँडवरून तिकडे गाडी नाही. म्हणून हे आधीच ठरवून ठेवणं.

यात एक अडचण होती. मी तिची चुलत जाऊ, म्हणजे सासरची. जावेनं आणलेलं लुगडं माहेरचं होत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण म्हशाच्या जत्रेत देवापुढे नारळ फोडून मी तिला बहीण मानली होती. देवासमोर मानलं की रीत बाजूला सरते, असा माझा समज. माझ्या रोजच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर लिहिलेलंही आहे: 'नोराताईला बहीण मानली. नारळ नासका निघाला, दुसरा फोडला.'

मी लग्न होऊन या गावात येणार होते तेव्हा मला माहेरी सांगितलं होतं, "तुझी थोरली जाऊ गोरी आहे हो." मी म्हटलं, असेल. आमची आत्याही गोरी आहे. लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला शेण्या थापायला गोठ्यामागे पाठवलं, तर तिथं एक बाई कोपरापर्यंत शेणात हात घालून बसलेली. केस तांबडे, नाकावर ठिपके, डोळे मांजरीचे. मी घाबरून दोन पावलं मागे सरले.

ती म्हणाली, "उभी काय रेलीस गो? बस. शेण काय चावतं?"

तिचं मराठी असं. ते तिनं सासूकडून, हौसाआईकडून, शिव्यांसकट उचललं होतं. मुरबाडच्या कचेरीत एखादा साहेब तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागला की ही विचारायची, "मराठी येत नाय का तुला?" आणि 'तुमी' हा शब्द तिला जन्मात जमला नाही. सरपंच तू, कलेक्टर तू, देव तर तूच. सरपंचांनी सुरुवातीला राग धरला होता. मग त्यांच्या पायाला कुऱ्हाड लागली तेव्हा हिनं टाके घातले, आणि "हलू नको रे, रेड्या" असंही म्हणाली. त्यानंतर सरपंचांनी राग सोडून दिला.

भगीरथभाऊजी लंडनला एका हॉस्पिटलात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होते आणि ही तिथं नर्स. ती आयर्लंडच्या खेड्यातून पोटासाठी लंडनला आलेली, भाऊजी मुरबाडच्या खेड्यातून. भाऊजी सांगायचे, मी भात शिजवून तिचं मन जिंकलं. ती म्हणायची, खोटं, तो करपलेला होता, मला दया आली. हौसाआई गावात एकट्या पडल्या म्हणून १९७४ साली भाऊजी परत आले आणि 'दोन वर्षांसाठी' म्हणून हिला बरोबर घेऊन आले. ती दोन वर्षं गेल्या पौषात संपली.

शेतातलं काम तिला येत नव्हतं, हे मी प्रेमापोटी लपवणार नाही. ती डावखुरी. लावणीला सगळ्या बायका एका बाजूनं मागे सरायच्या, आणि हिची ओळ तिरकी निघून शेजारणीच्या पायात शिरायची. दोघी-तिघी तिच्या बाजूला उभ्या राहायला नको म्हणायच्या. तिची लावलेली रोपं वर आली की बांधावरून ओळखू यायची, जशी काय म्हैस चालून गेली. अनंता, म्हणजे आमचे हे, दर वर्षी तिला विचारायचे, "वयनी, यंदा रस्ता कुठं काढला?" ती म्हणायची, "माझा भात तुझ्या भातापेक्षा चवीला सरळ हाय."

पण शेण्या रचाव्यात तर तिनंच. त्यांच्या गावात दलदलीची काळी माती विटांसारखी कापतात, उन्हात वाळवतात आणि वर्षभर चुलीत जाळतात. ती माती वाळायला रचण्याचं काम लहानपणी तिचं. त्यामुळे तिनं रचलेली शेण्यांची रास आडव्यातिडव्या पावसातही कधी ढासळली नाही. बाकीच्यांच्या राशी श्रावणात बसक्या व्हायच्या आणि हिची देवळासारखी उभी. हौसाआईंनी सुनेचं आयुष्यात एकदाच कौतुक केलं ते यावरून. म्हणाल्या, "एवढं मात्र आईनं शिकवलंय." पुढे दोन दिवस नोराताई उगाचच त्या राशीभोवती फिरत होती.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून मी जपाला बसायचे, आणि ती पलीकडे तिच्या ओटीवर तिची माळ घेऊन बसायची. तिची माळ लहान. तिचं लवकर आटपायचं आणि मग ती माझ्याकडे बघत बसायची, त्यामुळे माझं चित्त उडायचं.

"आटपलं नाय का गो अजून?"

"तुमच्या माळेत मणीच कमी. तुमचा देव लवकर सुटतो."

"आणि तुझा बहिरा हाय का? एकशेआठ वेळा हाक मारतेस ती?"

मी तोंड फिरवून हसायचे, आणि हसल्याबद्दल पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करायचे. माझे कितीतरी जप तिनं असे लांबवले आहेत. देवाकडे त्याचा हिशोब तिच्या नावावर असेल.

तिला मूलबाळ झालं नाही. आईबाप नसलेला दिराचा सुदाम तिच्याच घरात वाढला, आणि दारात रोज कुणाचं तरी पोर उभं असायचंच. कुणाला विंचू चावलेला, कुणाचा कान फुटलेला. तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती, त्यात सुया, टाक्यांचा दोरा, औषधं. साप चावला की मात्र ती पेटीला हात लावायची नाही. मिळेल त्या गाडीत माणसाला घालून, स्वतः शेजारी बसून मुरबाडचं हॉस्पिटल गाठायची. वाटेत ड्रायव्हरला ज्या शिव्या द्यायची त्या हौसाआईच्याच, फक्त जास्त वेगात.

या पेटीवरूनच पहिलं माहेर सुरू झालं. मी यायच्या आधीची गोष्ट, पण ती इतक्या वेळा इतक्या जणांनी सांगितली आहे की मी तिथं होते असंच मला वाटतं.

एक दिवस सुया उकळायला भांडं सापडेना, म्हणून नोराताईनं देवघरातला, पूजेच्या पाण्याचा तांब्याचा गडू घेतला. स्वच्छ होता, देवाचा होता, म्हणजे सर्वांत चांगला, असा तिचा विचार. हौसाआई देवापुढे बसल्या तर गडू नाही. चुलीकडे बघतात तर गडू उकळतोय आणि आत सुया नाचताहेत.

"माझ्या देवाचे गडव्यात सुया उकळल्यास? आता देवाला टोचतेस काय?"

एकीकडून शब्द गेला, दुसरीकडून आला. शेवटी नोराताई म्हणाली, "मी जाते माहेरी." आणि कापडी पिशवीत दोन लुगडी कोंबून निघाली. हे सगळ्याच सुना म्हणतात. बाकीच्यांची माहेरं दोन कोसांवर असतात एवढाच फरक. भाऊजी कामावर कल्याणला. अडवणार कोण? हौसाआईंना वाटलं, वळणावरून परत येईल. ती आली नाही. मुरबाडचा रस्ता सोडून भलत्याच वाटेला लागली आणि डोळखांबच्या बाजूच्या डोंगरात शिरली.

तिथं तिला बारकू भेटला. ठाकरांच्या पाड्यावरचा, तेव्हा पंचविशीचा असेल. पुढचं त्याच्याच तोंडून ऐकावं.

"बाय एकली चालली व्हती. पायाला फोड. म्हटलं, कुठं जातंस? बोलली, माहेरी. म्हटलं, कुठं हाय तुझं माहेर? तिनं हात केला डोंगराकडं. तिकडं तर आमचाच एक पाडा, दुसरं काय नाय. मंग मी घेऊन गेलो. आता माझी काय चूक?"

चूक कसली. माहेरी चाललेली बाई ज्या पाड्याकडे हात दाखवते तो तिचं माहेर, यात त्याला काही वावगं दिसलं नाही. त्याची बायको बुधी, तिनं नाचणीची भाकरी आणि सुकी मच्छी वाढली. दोन रात्री नोराताई तिथं झोपली. तिसऱ्या दिवशी बारकू तिला घेऊन आमच्या गावात आला, आणि रिकाम्या हातानं आला नाही. बहिणीला सासरी पोचवायला भाऊ जसा येतो तसा आला. डोक्यावर पाटीत रानभाजी, काखेत कोंबडी.

हौसाआईंची पंचाईत झाली. तीन दिवस सुनेच्या नावानं गाव डोक्यावर घेतलं होतं, आणि आता दारात सुनेच्या माहेरचा माणूस कोंबडी घेऊन उभा. रीत म्हणजे रीत. घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं, जाताना टॉवेल-टोपी दिली. बारकू टोपी घालून ओटीवर ऐटीत बसला आणि म्हणाला, "आमच्या बायला जपून ठेवा. पुन्हा आली तर पाठवनार नाय." हौसाआई नंतर कित्येक दिवस म्हणत होत्या, "माझ्याच घरात मलाच दम देऊन गेला."

तेव्हापासून दर भाऊबीजेला नोराताई त्या पाड्यावर.

दुसरं माहेर वैशाखऱ्याचं. माळशेजच्या रस्त्याला एसटीत सरिता नावाच्या बाईला कळा लागल्या. नोराताई त्याच गाडीत होती. तिनं ड्रायव्हरला गाडी झाडाखाली लावायला सांगितली, पुरुष सगळे खाली उतरवले, कंडक्टरलाही उतरवलं. तो म्हणत होता, "बाई, मी ड्युटीवर आहे." ती म्हणाली, "मी पन." मुलगी झाली. सरिताला नणंद नव्हती, तिनं नोराताईला तिथल्या तिथं नणंद करून टाकलं. म्हणजे मुलीची आत्या. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. नोराताईनं पाळण्यात वाकून मुलीच्या कानात काय सांगितलं कुणास ठाऊक, आयर्लंडचं काहीतरी लांबलचक असणार. मोठ्यानं मात्र 'मीना' म्हणाली, म्हणून ती पोर वाचली. मीनाला आज सदतिसावं आहे. रस्त्यावर तिचं चहा-भज्यांचं दुकान आहे, आणि आवाज आत्याचा.

ही दोन्ही नाती मला माहीत होती. मी ती नोराताईच्या माया लावण्यात धरायचे. तिचं काय, ती बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचीही मावशी होऊन उतरायची. खरी बहीण मीच, असं मला मनातून वाटायचं. नारळ माझ्याशी फुटला होता.

तो कसा फुटला तेही सांगते. भाऊजी १९९९ साली गेले, तेव्हा गाव धरून चाललं होतं की ही आता परत जाणार. ती गेली नाही. २००५ साली तिच्या भावाच्या मयताला म्हणून आयर्लंडला गेली, महिन्यानं आली. घर विकलं होतं. भावाची मुलं अमेरिकेला, एक बहीण उरली ती म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात. ती हिला ओळखेना. हे सगळं तिनं मला तांदूळ निवडताना सांगितलं आणि लगेच म्हणाली, "तुझ्या तांदळात खडे जास्त, तांदूळ कमी."

पुढच्या वर्षी हौसाआई गेल्या, नव्वदी ओलांडून. त्यांचे भाचे लुगडं घेऊन यायला निघाले, पण गाडी चुकली. दोन तास सगळे खोळंबले. नोराताई सासूच्या उशाशी बसली होती. मी शेजारी. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "प्रेमा, मला कोण आणील गो?"

आयुष्यभर ती मला चिडवत आली. तेवढं एक वाक्य तिनं न चिडवता विचारलं. मी म्हटलं, "मी आणीन."

"तू सासरची."

"मग मी बहीण होते."

म्हणून म्हशाचा नारळ.

लुगडं मी त्याच महिन्यात मुरबाडला जाऊन घेतलं. फिकट राखाडी, बारीक काठाचं, विधवेला शोभेल असं. ट्रंकेत ठेवलं आणि तिला सांगितलं, काळजी मिटली. तिनं ते बघायला मागितलं. मी म्हटलं, असं बघू नये, अशुभ असतं. ती म्हणाली, "मेल्यावर मी बघणार हाय का? आताच बघते." बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा काय रंग? आजारी माणसाचा दिसतो."

"तुमी आजारी नाय, मेलेल्या असणार."

"तरी पन. हिरवं घे."

"विधवेला हिरवं? लोक काय म्हणतील?"

"माझ्या गावात सगळंच हिरवं हाय. विधवांचं पन."

आठ दिवस आम्ही यावर भांडलो. राखाडी लुगडं तिनं स्वतःच शेतावर नेसून फाडलं, म्हणजे प्रश्न मिटला. दुसरं घेतलं मातकट रंगाचं. ते पुढच्या वर्षी म्हशाच्या जत्रेत तिनं नेसलं, कारण तिचं चिखलात भरलं होतं आणि माझी ट्रंक कुठं असते ते तिला ठाऊक होतं. देवळासमोर उभी राहून मी वर बघितलं. बाई आपलं मयताचं लुगडं नेसून पाळण्यात बसली होती, आणि वरून मला हात करत होती. तिसऱ्या खेपेला मी हार मानली आणि शेवाळी घेतलं. हिरव्यात मोडतं, आणि विचारलं तर हिरवं नाही म्हणता येतं. ती म्हणाली, "चालेल." ते मी दर दसऱ्याला उन्हात घालायचे, आणि ट्रंकेची किल्ली कमरेला लावायचे.

गेल्या पौषात, सकाळी चहाचा कप हातात असताना नोराताई गेली. ऐंशी वर्षांची होती. दोनच घोट राहिले होते. कप तसाच धरलेला. फादर कल्याणहून येऊन प्रार्थना करून गेले. भगीरथला जिथं जाळलं तिथंच मला जाळा, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, फादरांनाही. तेव्हा दुपारी नदीवर न्यायचं ठरलं. सुदाम अग्नी देणार होता. तिला ओटीवर ठेवलं होतं, आणि मंगळूबाबा, जे गावातल्या सगळ्या तिरड्या बांधतात, ते बांबू घेऊन अंगणात बसले होते.

मी घरी जाऊन ट्रंक उघडली, लुगडं काढलं, कुंकवाचं बोट लावलं आणि पदराखाली घेऊन आले. ओटीची पायरी चढते तोच मागून रिक्षा वाजली. मीना उतरली. डोळे सुजलेले, हातात पिशवी. पिशवीतून तिनं लुगडं काढलं. गडद हिरवं, जरीच्या काठाचं.

"हे काय गो?" मी विचारलं.

"आत्याचं. माहेरचं. तिनं मला चार वर्षांमागं सांगून ठेवलेलं. म्हणाली, मीना, माझ्या मागं दुसरं कोन हाय? रंग पन तिनंच पसंत केला."

मी पदराखालचं बाहेर काढलं. "मलाही सांगितलंय. एकोणीस वर्षांपूर्वी. नारळ फोडून."

"तुमी तर जाऊ."

"मी बहीण आहे!"

"आत्या तुमाला बहीन बोलायची ती लाडानं, काकी. मी बसमधली हाय, पन भाची खरी!"

आवाज चढले. मयताच्या ओटीवर आम्ही दोघी लुगडी धरून उभ्या. सुदाम मध्ये पडला तर आम्ही दोघी त्याच्यावर ओरडलो. तेवढ्यात अंगणाच्या फाटकातून बारकू आला. सत्तरी उलटलेली, डोक्याला फडकं, काठी टेकत. बातमी पाड्यावर फोनवर पोचली तसा निघाला होता, मधे एक जीप मिळाली, बाकीचं चालत. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते सोडलं. पोपटी. इतकं पोपटी की अंगणात उजेड पडला.

"बायनं सांगलेलं," तो म्हणाला. "बारकू, तू नाय आनलंस तर मला कोन आननार? मंग मी घेऊन ठेवलेलं. बुधी बोलली, एवढं भडक? म्हटलं, बायला हिरवंच पायजे."

सुदाम तिन्ही लुगड्यांकडे आळीपाळीनं बघायला लागला.

एका बाईनं तीन घरांना तेच सांगितलं होतं. माझ्याशी आठ दिवस भांडून ती शेवाळीवर राजी झाली होती, आणि तिकडे दोन ठिकाणी मनासारखं हिरवं कबूल करून घेतलं होतं! मला इतका राग आला की मी तिच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, नोराताई, उठा आणि सांगा. ती काही उठली नाही. मग राग उतरला आणि दुसरंच काही ध्यानात आलं. माझ्या शब्दावर तिचा भरवसा नव्हता असं नाही. पण मी आधी गेले असते तर? मीना गावाला असती तर? बारकूची जीप चुकली असती तर? सासूसारखं आपल्याला कुणी दोन तास खोळंबून ठेवेल, आणि शेवटी कुणी येणारच नाही, ही भीती ती एकोणीस वर्षं उरात बाळगून होती, आणि आम्हाला चेष्टा करून दाखवत होती.

"कुनाचं नेसवायचं ते ठरवा," मंगळूबाबा म्हणाले. "ऊन उतरंल."

मंगळूबाबा माझ्याकडे वळले.

"प्रेमे, तुझं तू सांग. मानलेली बहीन असशील तर तुला सुतक नाय, उद्या सकाळी तुझे देव पूज. जाऊ असशील तर दहा दिस देवाला हात नाय. दोन्ही होता येनार नाय."

पंचेचाळीस वर्षांत माझी पूजा बाळंतपण आणि सुतक सोडलं तर एक दिवस चुकलेली नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मंगळूबाबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. मी लुगडं छातीशी धरून उभी. बहीण म्हटलं तर देवही माझे आणि नोराताईही माझी. तोंड उघडणार, तेवढ्यात बारकू ओटीच्या कडेला टेकला आणि फडक्यानं तोंड पुसत म्हणाला,

"एवढं चालून आलो. बायचे सासरी कोनी पानी पन इचारीत नाय. हौसाआई शिव्या देयची, पन आदी पानी देयची."

सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पाणी देणार कोण? हौसाआई गेलेल्या, भाऊजी गेलेले, सुदामची बायको मिताली बाळंत होऊन माहेरी. माहेरची माणसं दारात आली होती, दोन गावांहून, आणि त्यांना या म्हणायला नोराताईच्या घरात सासरची कुणी बाई नव्हती. होते ती मी, आणि मी माहेर होऊन भांडत होते.

लुगडं मी तिथंच ओटीच्या खुंटीला अडकवलं. आत गेले, माठातून तांब्या भरला, गुळाचा खडा घेतला. आधी बारकूच्या पायावर पाणी घातलं, मग प्यायला दिलं. मग मीनाला.

मीनानं तांब्या तोंडाला लावला आणि रडायला लागली. "काकी, तुमी बहीन नाय हां, म्हनजे..."

"नाय गो बाई. मी जाऊ. बस तू."

"दहा दिस," मंगळूबाबा म्हणाले.

"ऐकलं," मी म्हटलं.

बारकूचं लुगडं आत नेसवलं, कारण तो भाऊ. मीनाचं वरून पांघरलं. विधवेला पोपटी नेसवताना दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या. मी सासरची मोठी म्हणून त्यांच्याकडे वळून बघितलं, तशा गप्प झाल्या. तिला तो रंग खरंच शोभत होता. मला हे कबूल करायला वेळ लागला.

त्या रात्रीचं, कडू घासाचं भाकरी-पिठलं माहेराहून यायचं असतं, तर तेही दोन्हीकडून आलं. वैशाखऱ्याचं तिखट आणि पाड्यावरचं अळणी. मी आणि सुदामनं दोन्ही कालवून खाल्लं. दहा दिवस मी देवघराच्या दाराशीही गेले नाही. हे तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "सवय मोडेल हां." मी त्यांच्याशी बोलले नाही. शेवाळी लुगडं अजून ट्रंकेत आहे. त्याचं काय करायचं ते मी ठरवलेलं नाही.

तेराव्याला बारकू आणि बुधी आले, मीना आली. जेवणं झाली. मी सुदामकडून बारकूला टॉवेल-टोपी दिली, बुधीला आणि मीनाला खण दिले, सासरनं माहेरला द्यायचा तो मान. बारकूनं टोपी घातली, पण पहिल्यासारखा ऐटीत बसला नाही. बराच वेळ काठीनं जमीन उकरत राहिला.

"आता आमचं या गावात काय काम?" तो म्हणाला. "बाय नाय तं कुनाकडं यायचं?"

मीनाही तेच म्हणाली, "आत्या नाय, आता कशाला येऊ, काकी?"

मी म्हटलं, "माणूस गेलं म्हणून सोयरीक मोडते का? सासर इथंच आहे. मी आहे ना."

बारकूनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. बुधीनं त्याला कोपर मारलं.

"येतो मंग," तो म्हणाला. "पन पानी येळेवर द्या."